जांभळ्या पट्टीवर केक

मामांनी फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला होता. लघवीत बुडवलेली पट्टी, शेजारी डबीवरचा रंगांचा तक्ता, आणि पट्टीचं टोक तक्त्यातल्या शेवटच्या, सगळ्यात गडद चौकोनाइतकं जांभळं. खाली ओळ: ‘नववा दिवस. बीटा पेशी जाग्या झाल्या!’ (बीटा पेशी म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी. मामांना डायबिटीस आहे, आणि एक फॉरवर्ड वाचून त्यांनी हा प्रयोग चालवला होता.) त्यावर १४ अंगठे, दोन नमस्कार आणि एक केक. केक कुणी टाकला ते मला माहीत आहे. नातं टिकवायचं आहे म्हणून नाव लिहीत नाही.

मी इंदुरात २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आहे. हाताशी पट्ट्या नसल्या की आम्ही रोथेरा टेस्ट करायचो. लघवीत अमोनियम सल्फेट, नायट्रोप्रुसाइडचा खडा, वरून अलगद अमोनिया, आणि कीटोन, म्हणजे चरबी फुटून तयार होणारे पदार्थ, असले की मध्ये जांभळी रिंग. ती रिंग गडद आली तर रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता आधी डॉक्टरांना फोन जायचा. त्या रंगावर आमच्या घरात केक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीचा फोन. रात्रभर उलट्या, पळून आल्यासारखा खोल श्वास, आणि मामा म्हणताहेत की विष बाहेर पडतंय. ग्लुकोमीटरवर साखर १९८. जवळच्या एका दवाखान्यात दाखवूनही आले होते. साखर २०० च्या आत बघून तिथे ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. मी लोकमान्य नगरला पोचले तेव्हा खोलीत नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास होता. पुढचे तीन दिवस मामा आयसीयूत. रक्ताचा पीएच ७.११ निघाला, जो ७.३५ च्या खाली जायला नको. हा आकडा जितका कमी, तितकं रक्त आंबट.

आता बरे आहेत, म्हणून मला चिडता येतंय.

तो फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. हिंदीतून कसाबसा मराठीत ओढलेला, सात मुद्द्यांचा, शेवटी ‘डिलीट होण्याआधी वाचा’. एक, बाहेरून इन्सुलिन घेतलं की स्वादुपिंड आळशी होतं. दोन, कीटोन म्हणजे बीटा पेशींचं अमृत, त्यानं झोपलेल्या पेशी २१ दिवसांत जागतात आणि मेलेल्या पुन्हा जन्मतात. तीन, हे अमेरिकेत सिद्ध झालंय आणि याला नोबेल मिळालंय. चार, लघवीची पट्टी जांभळी झाली की इन्सुलिन बंद करा. मळमळ आणि धाप हे विष बाहेर पडल्याचं लक्षण. पाच, टाइप वन डायबिटीसच्या मुलांनाही चालतं. सहा, आपल्या आज्या उपास करायच्या म्हणून त्यांना साखर नव्हती. सात, ब्रिटनमध्ये निम्मे पेशंट आहारानं औषधमुक्त झाले, पण कंपन्या हे दडवतात.

मी क्रमानं जाणार नाही. चौथा आधी घेते, कारण माणूस मरतो तो त्यानं.

कीटोन यकृतात तयार होतात, चरबी फोडून. जेवण थांबलं, साखर कमी पडायला लागली की शरीर चरबी बाहेर काढतं आणि यकृत तिचे कीटोन करून मेंदूला, हृदयाला, स्नायूंना पाठवतं. यात काही वाईट नाही. ही सोय नसती तर आपले पूर्वज दुष्काळातून वाचलेच नसते. पण चरबी किती फुटावी हे ठरवतं इन्सुलिन. धडधाकट माणसानं दोन दिवस काही खाल्लं नाही तरी त्याच्या बीटा पेशी थोडं थोडं इन्सुलिन सोडतच असतात. साखर उतरवायला ते पुरेसं नसेल, पण चरबीला ‘बास’ म्हणायला पुरतं. म्हणून कीटो आहार (पोळी-भात-साखर जवळजवळ बंद, फॅट भरपूर) घेणाऱ्या निरोगी माणसाच्या रक्तात कीटोन साधारण अर्धा ते तीन मिलिमोलच्या आसपास राहतात. ती झिरपच बंद पडली तर ‘बास’ म्हणणारं कुणी उरत नाही. कीटोन दहा, पंधरा, त्याहूनही वर चढतात, आणि ते आम्ल असल्यामुळे रक्त आंबट होतं. मग शरीर कार्बन डायऑक्साइड फेकून आम्ल कमी करायची धडपड करतं. मामांचा तो खोल श्वास तोच होता. ज्याला फॉरवर्ड ‘विष बाहेर पडतंय’ म्हणतो, ते विष आतच तयार होत होतं आणि फुप्फुसं एकटी लढत होती.

मामांना टाइप टू डायबिटीस होऊन १७ वर्षं झाली. रात्री २२ युनिट इन्सुलिन. म्हणजे त्यांची स्वतःची झिरप किती उरली असेल, याचा अंदाज डॉक्टरांनी त्या २२ आकड्यात आधीच लिहून ठेवला होता. मामांनी नेमकी तीच सुई बंद केली आणि ताटात पनीर, लोणी, बदाम, ओलं खोबरं. रविवारचे पोहे-जलेबीसुद्धा सोडले. आमच्या घरात हा त्याग किती मोठा, ते इंदूरकरांना सांगायला नको. मामींनी समोर जीरावन मसाला घालून पोह्याची बशी ठेवली तरी हात लावला नाही म्हणे.

आणि एक गोळी मात्र चालू ठेवली. डापाग्लिफ्लोझिन. ‘ती तर साखर लघवीतून काढते, नैसर्गिक आहे,’ असा त्यांचा हिशोब. या ग्लिफ्लोझिन गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि किडनीला उपयोगाच्या आहेत, आता स्वस्तही झाल्या आहेत, म्हणून घरोघरी आहेत. पण त्या साखर लघवीत सोडून देतात, त्यामुळे रक्तातली साखर फार चढत नाही आणि आतल्या आत कीटोन मात्र वाढू शकतात. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, मे २०१५ मध्येच याचा इशारा दिला आहे. ऑपरेशनच्या आधी तीन दिवस ही गोळी थांबवायला सांगतात ते याचसाठी. ग्लिफ्लोझिन चालू, इन्सुलिन बंद, पोळी-भात बंद: आणीबाणी घडवायची असेल तर याहून सोपी कृती मला तरी सुचत नाही. आणि ग्लुकोमीटर १९८ दाखवत असतो, म्हणून घरचे निर्धास्त, दवाखानाही निर्धास्त.

पट्टीबद्दलही एक गोष्ट सांगते, कारण ती विकणारे सांगत नाहीत. ती पट्टी ॲसिटोॲसिटेट नावाचा कीटोन ओळखते. कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे कीटोननं रक्त आंबट होतं त्या अवस्थेत, सगळ्यात जास्त वाढतो तो बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, आणि तो पट्टीला दिसतच नाही. म्हणजे पट्टी जे दाखवते त्याहून आतली परिस्थिती वाईट असू शकते. रक्तातला कीटोन वेगळा मोजावा लागतो, आणि रक्त किती आंबट झालंय ते ब्लड गॅसवर कळतं. मी त्या दिवशी हट्ट धरला तो ब्लड गॅससाठी.

आयसीयूत मामांना एका नळीतून इन्सुलिन चालू होतं आणि दुसरीतून ग्लुकोजचं सलाइन. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: “अगं, साखरेच्या पेशंटला साखरेचं सलाइन लावलंय, कुणी बघतंय की नाही?” म्हटलं, मामा, बघूनच लावलंय. तुमची साखर उतरवायला हे इन्सुलिन चालू नाहीये. कीटोनची भट्टी बंद करायला चालू आहे. ती बंद होईस्तोवर साखर खाली पडू नये म्हणून शेजारी ग्लुकोज. गप्प बसले. तब्येत फारच बिघडली असणार, एरवी मामा गप्प बसत नाहीत.

आता दुसरा मुद्दा, फॉरवर्डचा जीव ज्यात आहे तो. कीटोन आणि बीटा पेशी यांचा संबंध आहे का? आहे. हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतंय, कारण गंमत तिथेच आहे.

बीटा पेशी स्वादुपिंडात छोट्या छोट्या पुंजक्यांत असतात. पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्यानं १८६९ मध्ये ते पुंजके पहिल्यांदा पाहिले, म्हणून ती लँगरहॅन्सची बेटं. स्वादुपिंडाच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. बीटा पेशीचं काम असं चालतं: साखर आत येते, जळते, त्या ऊर्जेनं पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं मिटतात, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या तयार पुड्या बाहेर फेकल्या जातात. कीटोनही या यंत्राला थोडा धक्का देतात. १९६४ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या रक्तात कीटोन सोडून हे तपासलं होतं: इन्सुलिन वाढलं, साखर उतरली. माणसात हा परिणाम बराच लहान असतो, पण दिशा तीच.

आता विचार करा, शरीरानं ही सोय कशासाठी ठेवली असेल? कीटोन वाढले की बीटा पेशीला निरोप जातो, ती थोडं इन्सुलिन सोडते, इन्सुलिन चरबीला थांबवतं, कीटोन आवरतात. हा ब्रेक आहे. उपाशी माणूस कीटोनमध्ये बुडू नये म्हणून आहे. कीटोन बीटा पेशीकडे येतात ते तक्रार घेऊन, टॉनिक घेऊन नाही. ज्याच्या पेशी शाबूत आहेत त्याच्याकडे तक्रारीची दखल घेतली जाते. ज्याच्याकडे १७ वर्षांत ऑफिसच रिकामं झालंय त्याच्या दारात कीटोनचा ढीग साचतो, आणि फॉरवर्ड सांगतो की ढीग वाढवा, म्हणजे साहेब जागे होतील. हा फॉरवर्ड ज्या एका खऱ्या गोष्टीवर उभा आहे, त्या गोष्टीचा अर्थच मुळी ‘इन्सुलिन सोडा रे कुणीतरी’ असा आहे.

बरं, ढिगानं पेशींचं भलं तरी होतं का? १९९५ मध्ये एका प्रयोगात माणसाच्या स्वादुपिंडातली बेटं काचेच्या बशीत मेदाम्लांत आणि कीटोनमध्ये बराच वेळ ठेवली. साखर दिल्यावर त्यांचं इन्सुलिन सोडणं उलट मंदावलं. बशीतल्या पेशींवरून मी माणसाबद्दल छातीठोक बोलणार नाही, पण अमृत असं वागत नाही एवढं खरं.

मग कीटो करून साखर उतरलेले लोक खोटं बोलतात का? नाही. पोळी-भात-साखर कमी केली की जेवणानंतरची साखर कमी चढते, वजन उतरतं, यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी घटते, आणि जास्त साखरेनं दमलेल्या बीटा पेशींना खरंच उसंत मिळते. त्या वेळी लघवीत कीटोनही दिसतात. पण कोंबडं आरवलं म्हणून उजाडत नाही. आणि उसंत मिळून सावरतात त्या जिवंत पेशी. मोठ्या माणसात नव्या बीटा पेशी तयार होण्याचा वेग इतका संथ असतो की २१ दिवसांत मेलेल्यांची फौज उठून उभी राहायची बात सोडाच. २१ आकडा कुठून आला? गणपतीच्या दूर्वांवरून आला असेल.

पाचवा मुद्दा वाचून मात्र मी फोन टेबलावर आपटला. टाइप वनच्या मुलांना. या मुलांच्या बीटा पेशी त्यांच्याच प्रतिकारशक्तीनं मारलेल्या असतात. कीटोननं पेशी जागवता आल्या असत्या तर हा प्रयोग मानवजातीनं करून झालेला आहे, अनेक मुलांवर, इन्सुलिनचा शोध लागण्याआधी. तेव्हा दुसरा उपायच नव्हता. अमेरिकेतले डॉक्टर ॲलन मुलांना उपासमारीचा आहार देत, पिष्ट (कार्बोहायड्रेट) जवळजवळ नाही, कॅलरी जेमतेम जिवंत ठेवण्यापुरत्या. ती मुलं दिवसरात्र कीटोनमध्ये होती. हाडांचे सापळे झाले, काही काळ जास्त जगली, आणि मग बहुतेक गेली. एकाच्याही पेशी जाग्या झाल्या नाहीत.

टोरंटोतला लिओनार्ड थॉम्पसन, वय १४, तसाच मरायला टेकला होता. ११ जानेवारी १९२२ ला त्याला स्वादुपिंडाचा अर्क टोचला, तो अशुद्ध होता, फारसं काही झालं नाही. २३ जानेवारीला शुद्ध केलेला अर्क टोचला. साखर उतरली आणि लघवीतले कीटोन नाहीसे झाले. त्या काळच्या डॉक्टरांनी आनंद कशाचा केला, तर कीटोन गेल्याचा. आमच्या ग्रुपनं १०० वर्षांनंतर केक कशावर टाकला, तर कीटोन आल्यावर.

इथे एक गोष्ट लोकांना फसवते, ती सांगते. टाइप वन नव्यानं कळल्यावर, इन्सुलिन सुरू केलं की काही मुलांच्या उरल्यासुरल्या पेशी काही आठवडे किंवा महिने बऱ्यापैकी काम करतात. डोस अगदी कमी होतो. याला हनीमून पीरियड म्हणतात. त्याच काळात कुणी घरात कीटो सुरू केलेलं असलं तर श्रेय कीटोला जातं, व्हिडिओ निघतो. हनीमून संपतो तेव्हाचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

तिसरा. २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं ते पेशी स्वतःतला कचरा कसा पचवतात यावरच्या कामाला. ते काम यीस्टवर होतं, पावात घालतो त्या यीस्टवर. मधुमेहाचा तिथे प्रश्नच नव्हता. ‘अमेरिकेत सिद्ध’ म्हणजे बहुधा कॅलिफोर्नियातला २०१७ चा उंदरांवरचा प्रयोग, ज्यात उपासासारख्या आहाराच्या आवर्तनांनी बीटा पेशी वाढल्या. उंदरांचं आनंदानं मान्य. पण मग २०१४ चे उंदीरही घ्या: २२ आठवडे कीटो आहारावर ठेवले आणि त्यांच्या बीटा पेशी कमी झाल्या. आपल्याला हवे ते उंदीर निवडायचे, हे काही शास्त्र नाही.

सहावा. आजीच्या उपासात कीटोन? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळं, राजगिऱ्याचा लाडू, वर केळं. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपणच केली आहे. आज्यांना साखर कमी दिसायची कारण त्या पाणी ओढायच्या, दळण दळायच्या, आणि त्यांची साखर कुणी तपासलीच नव्हती.

पहिला. इन्सुलिननं स्वादुपिंड आळशी होतं म्हणे. चीनमध्ये नव्यानं टाइप टू कळलेल्या ३८२ जणांवर अभ्यास झाला, २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. काहींना सुरुवातीचे थोडे दिवस जोरात इन्सुलिन, काहींना गोळ्या, आणि साखर आटोक्यात आली की सगळंच बंद. वर्षानंतर औषधाशिवाय साखर ताब्यात होती ती इन्सुलिनवाल्यांत जवळपास निम्म्यांची आणि गोळीवाल्यांत साधारण पाव जणांची. स्वादुपिंडाला विश्रांती मिळाली की ते सावरतं, आणि विश्रांती देण्याचा एक मार्ग हीच सुई आहे. पुढे बोलायला नको.

राहिला सातवा, ब्रिटनचा, आणि हा मला मनापासून आवडणारा अभ्यास आहे, म्हणून त्याचा ध चा मा केलेला बघून जास्त राग आला. त्याचं नाव डायरेक्ट. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांचा. स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधले ३०६ पेशंट. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरीचं सूप आणि शेक, मग हळूहळू नेहमीचं जेवण. वर्षानंतर त्यांतल्या ४६ टक्के लोकांचा डायबिटीस औषधाविना मागे हटलेला होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत फक्त ४ टक्के. १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्यांत तर ८६ टक्के. म्हणजे ‘निम्मे’ हा आकडा जवळपास बरोबर. टाळ्या.

आता फॉरवर्डनं गाळलेलं. त्या सूप-शेकमध्ये ५९ टक्के कॅलरी पिष्टाच्या होत्या. हो, पिष्टाच्या. फॅट १३ टक्के. कीटो आहाराच्या बरोबर उलट. काम केलं ते वजन उतरण्यानं, कीटोननं नाही. दुसरं, डायबिटीस कळून सहा वर्षांच्या आतलेच पेशंट घेतले होते, मामांची १७. तिसरं, जे इन्सुलिनवर होते त्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. औषधं पहिल्या दिवशी बंद केली हे खरं, पण इन्सुलिन न लागणाऱ्यांची, दवाखान्याच्या देखरेखीखाली. ज्या अभ्यासाचं नाव घेऊन मामांचं इन्सुलिन बंद केलं, त्या अभ्यासानं मामांना दारातूनच परत पाठवलं असतं. आणि कंपन्यांनी दडवलं म्हणाल तर तो लॅन्सेटमध्ये छापून आला आहे. मला इंदुरात बसून वाचायला मिळाला.

ज्यांना आहार बदलून बघायचाच आहे, आणि बघावाही, त्यांनी आधी सी-पेप्टाइड करून घ्यावं. स्वतःचं शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हाच हा तुकडा सुटून रक्तात येतो, बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. बीटा पेशी जाग्या आहेत की नाहीत याचा खरा हिशोब तिथे मिळतो. मग तो रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवून सुईचं काय ते ठरवा. इन्सुलिन चालू असताना पोळी-भात एकदम तोडला तर साखर खाली जाऊन चक्कर येऊ शकते, तेव्हा डोस कमी करावा लागतो. कमी करणं आणि बंद करणं यात फरक आहे. ग्लिफ्लोझिन घेत असाल आणि उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं तर साखर कितीही चांगली दिसो, कीटोन तपासा.

मामांचं सी-पेप्टाइड साखर स्थिरावल्यावर केलं. मीच लावलं मशीनवर. ०.४ आलं, नॉर्मलच्या खालच्या रेषेच्याही बरंच खाली. आकडा त्यांना दाखवला, बराच वेळ कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, “म्हणजे जागं व्हायला कुणी उरलंच नव्हतं म्हण ना.”

सुई पुन्हा चालू आहे, २० युनिट. पट्ट्यांची डबी मी येताना उचलून आणली, आत ३८ शिल्लक होत्या. मामा म्हणाले, अगं पैसे पडलेत त्याचे. लॅबमध्ये वापरल्या तर पैसे परत मिळतील का, असं मामी हळूच विचारत होत्या.